मालूची कुंची

प्रिय आक्का,

तुझ्या नव्याचा नमस्कार. मी फोन सोडून कागद घेतलाय हे बघून तू घाबरशील, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो: मालू आहे. आज सकाळी त्याने सिरिंजने दोन-तीनदा दूध घेतलं. नाकाला ऑक्सिजनची नळी आहे, ताप उतरतो आणि परत चढतो, श्वास अजून भरभर चालतो. आत फक्त आई म्हणून स्वरूपाला सोडतात, तीही गाऊन, टोपी, मास्क चढवून आणि कोपरापर्यंत हात धुऊन. सार्थक रजा टाकून काचेबाहेरच्या बाकावर बसलेला असतो. त्याला घरी जा म्हटलं की मान हलवतो आणि तिथेच बसतो, अगदी बापासारखा, आपल्या दाजींसारखा.

फोन केला असता, पण मी जावळाचा बेत मोडल्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी माझं एक वाक्य होईतो तुझी चार होतात. पत्रात तुला मला मधेच तोडता येत नाही, एवढा तरी फायदा. शिवाय मला अक्षर लावलं ते तूच, दापोडीच्या त्या खोलीत पाटीवर गिरवून. तेव्हा अक्षराला नावं ठेवायची नाहीत. चष्मा लाव, दार लोटून घे, आणि शेजारची जाईबाई डोकावली तर सांग, लाइटचं बिल आलंय म्हणून.

मी चाकणला वर्कशॉपच्या केबिनमध्ये बसून लिहितोय. बाहेर गिअर कापायची मशिनं चालू आहेत, एक पोरगा एअरगनने लोखंडाच्या चिप्स उडवतोय, आणि या गोंगाटात माझं डोकं जागेवर राहतं. दवाखान्यात मला एक ओळ लिहवेना. तिथे फार शांत असतं गं. माझं सगळं आयुष्य आवाजात गेलं. आधी रुळाकडेची आपली खोली, मग कंपनीत हेल्परकी, मग गिअरबॉक्स टेस्टिंग. साहेब लोक मीटर लावून बसायचे आणि मी नुसता शेजारी उभा राहून सांगायचो, साहेब, तिसऱ्या गिअरचा एक दात घासतोय. उघडून बघायचे तर तसंच निघायचं. या दोन कानांच्या जोरावर मी हे शेड उभं केलं. मशीन बोलत असलं की मला त्याचं दुखणं कळतं, मशीन गप्प झालं की मी घाबरतो. त्या काचेच्या खोलीत सगळंच गप्प आहे. एक मॉनिटर टुकटुक करतो आणि मी त्या टुकटुकीत काही बदललं का, ते ऐकत बसतो. काल दिग्विजय माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, पप्पा, तुम्ही श्वास घ्यायचा विसरताय. खरंच विसरलो होतो.

तू माझ्यावर चिडलीस ते बरोबरच आहे. जावळाला पिंपळे गुरवचा हॉल ठरलेला, पाहुण्यांना फोन गेलेले, दिग्विजयने भाच्याला मांडीवर घेऊन बसायला नवा झब्बा शिवलेला, आणि मी आंब्यांची पेटी घेऊन तुझ्या घरी आलो काय, पेटी जिन्यातच ठेवली काय, आणि वर येऊन मालूला उचलून गाडीत घातलं काय. कुणाला धड बोललो नाही. वाटेतनं न्हाव्याला फोन केला की येऊ नको. तू दारात उभी राहून म्हणालीस, ‘मोठा झालास व्हय रं नव्या, माझ्या घरातनं माझा नातू उचलून न्यायला.’ तुझा नातू म्हणजे माझाही नातूच, पण तेव्हा मी उत्तर दिलं नाही. का दिलं नाही आणि जिन्यात पेटी का ठेवली, ते या पत्रात येईलच. आधी दवाखान्यात काय झालं ते ऐक, कारण तू आली नाहीस आणि सार्थक तुला अर्धंच सांगत असणार.

मालूला बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं नाव साधना. स्वरूपापेक्षा जरा मोठी असेल. मला काका म्हणते, म्हणून मीही तिला साधनाताई म्हणतो. आपल्या दापोडीच्या डॉक्टरांनी मालूला तीन-चारदा बघितलं होतं, बिचाऱ्यांची काही चूक नाही. दर वेळी तू मालूला मांडीवर घट्ट धरून बसायचीस, डोक्याला भुवयांखाली ओढलेली कुंची, डोळ्यांत भरून काजळ, हनुवटीखाली पक्की गाठ. त्यांनी छाती तपासली, तोंड बघितलं, तोंड आलंय म्हणाले, जिभेला लावायचं औषध दिलं. कुंची काढू का म्हणाले की तू म्हणायचीस, वारं लागंल, टाळू भरली न्हाई अजून. या उन्हाळ्यात, पत्र्याखाली, जिथे आपल्याला अंगात सदरा नको वाटतो! सगळे कौतुकाने म्हणायचे, आजी फार जपते. मीही म्हणालो होतो. न्हाव्याने मला फोनवर विचारलं होतं, शेठ, बाळाचे केस दाट आहेत का विरळ, त्या बेताने वस्तरा आणतो. मी हसून म्हटलं, बाबा, त्याच्या आजीने अजून आम्हाला दाखवलेले नाहीत.

साधनाताईने कुंचीला हात घातला तशी स्वरूपा चटकन म्हणाली, आत्याने काढायची नाही म्हटलंय. त्या बाईने काही न बोलता गाठ सोडली. आक्का, मी पहिल्यांदा माझ्या नातवाचं डोकं बघितलं. घासलेल्या वाटीसारखं. पोराच्या डोक्यावर जन्माची लव तरी असते, ती नव्हती. भुवया नव्हत्या, पापण्यांना केस नव्हते. तिने त्याच्या डोक्यावरून तळवा फिरवला, बोटं उलटसुलट करून नखं बघितली, मग झबलं वर करून डावा दंड बघितला. जन्मल्यावर टीबीची सुई देतात ती जागा अजून ओली होती आणि काखेत गाठ आली होती. मग तिने विचारलं, आईवडील नात्यातले का? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, म्हटलं माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलाला मुलगी दिलीय, आणि ती बहीणही आत्याच्याच घरात दिलेली, आमच्यात मुलगी परक्यात जात नाही. ती लिहीत होती. तिचं पेन थांबलं. पेन चालल्याचा एक आवाज असतो, तो बंद झाला. मला वाटतं मी त्या क्षणापासून घाबरलोय आणि अजून घाबरलेलाच आहे.

तिने आम्हाला तिघांना बसवून समजावलं. मला जसं कळलं तसं तुला सांगतो. छातीच्या पुढच्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर, लहान पोराला एक मऊ ग्रंथी असते. थायमस म्हणतात. आपल्या हाडांच्या आतल्या मगजात पांढऱ्या पेशी जन्मतात, पण त्या कच्च्या असतात. त्यातल्या काही या थायमसमध्ये जातात, तिथे शिकतात आणि टी-पेशी होऊन बाहेर पडतात. त्या आपल्या अंगातल्या राखणदार. त्या नसतील तर तोंडातली साधी बुरशीसुद्धा पोराला खायला उठते. मालूच्या रक्तात या टी-पेशी जवळजवळ नाहीतच. रिपोर्ट बघून साधनाताईने तो परत तपासायला पाठवला, परतही तोच आला.

मग मी विचारलं, त्या शिकतात म्हणजे काय करतात? तुला माहीत आहे, मला अर्धवट कळलेलं चालत नाही. ती म्हणाली, काका, प्रत्येक पेशीत सगळ्या शरीराची ड्रॉइंग्ज असतात. कुठलं उघडायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं ते ठरवणारी काही प्रथिनं आहेत, त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे सेटर. आमच्याकडे कपाटात सगळ्या गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज पडलेली असतात. सकाळी सेटर येतो, ठरवतो आज या मशीनवर हे ड्रॉइंग, आणि मग त्याच मशीनमधनं कधी ट्रॅक्टरचा गिअर निघतो, कधी रिक्षाचा. तिला पटलं. म्हणाली, फक्त इथे सेटरांची टोळी आहे. एक जण कच्च्या पेशीला सांगतो की आता तू टी-पेशीच व्हायचं, मागे फिरायचं नाही. पुढे दोघे असे की एकाचा हात लागला तर ती मदतनीस होते, दुसऱ्याचा लागला तर मारेकरी. आणि थायमसच्या भिंतीतल्या पेशींत एक असा आहे, जो सगळ्या शरीराचे नमुने तिथे मांडून ठेवतो, थोडं आतड्याचं, थोडं डोळ्याचं, थोडं कातडीचं. शिकणारी पेशी आपल्याच नमुन्यावर धावून गेली, तर बहुतेक वेळा तिला तिथेच संपवतात, बाहेर सोडत नाहीत. मी म्हटलं, अहो हे तर आम्ही करतो. नवा चेकर आला की मी त्याला सुरुवातीला आपलाच चांगला माल ऐकायला देतो. चांगल्या गिअरला जो खोट काढतो, त्याला लाइनवर उभं करत नाही, नाहीतर सगळा माल भंगारात घालेल. सार्थकसुद्धा त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

मग तिचा आवाज खाली आला. माणूस वाईट बोलायच्या आधी आवाज खाली आणतो, हे मला कंपनीतल्या साहेबांपासून माहीत आहे. म्हणाली, या सगळ्यांच्या आधी एक असतो. फॉक्स-एन-वन त्याचं नाव. तो पेशींना शिकवत नाही, निवडत नाही. तो ती शाळाच बांधतो. आईबाप दोघांकडून त्याची बिघडलेली प्रत पोराकडे आली, तर थायमस उभीच राहत नाही. एकेक बिघडलेली प्रत घेऊन आईबाप मात्र ठणठणीत जगतात, त्यांना पत्ताही नसतो. आणि हाच फॉक्स-एन-वन आणखी एका ठिकाणी कामाला असतो. कातडीत. केसांच्या मुळाशी आणि नखांपाशी.

आक्का, तेव्हा मला कळलं. केसांचा आणि राखणदारांचा सेटर एकच. म्हणजे डोक्यावर जे नव्हतं, तेच छातीतही नव्हतं, आणि ते वरनं दिसत होतं. फक्त कुंची काढायची होती.

खोटं कशाला बोलू, मला दंडाच्या त्या जखमेची फार भीती वाटते. त्या सुईत जिवंत जंतू असतात, कमजोर केलेले. लाखो पोरांना ती सुई वाचवते, आपल्या दिग्विजयला दिली, सार्थकला दिली, काही झालं नाही, उद्या कुणाच्याही पोराला देताना मी पुढे असेन. पण मालूच्या आत त्या कमजोर जंतूला सुद्धा अडवणारं कुणी नाही. ते काखेपर्यंत आलेत. त्यांनी औषधं चालू केलीत. रोज सकाळी साधनाताई आत जाऊन काखेत बोट घालून बघते आणि मी काचेबाहेरून तिच्या कपाळाकडे बघतो. कपाळावरून मला काही ऐकू येत नाही. माझे कान तिथे काही कामाचे नाहीत.

आता मुद्द्याचं. उपाय दोन आहेत, आणि त्यातला कुठला, तिथेच घोडं अडलंय. बिघाड हाडातल्या मगजात असेल तर सार्थकचा किंवा दुसऱ्या कुणाचा मगज देतात. पण बिघाड थायमसचाच असेल, तर नुसता नवा मगज देऊन भागेल याचा भरवसा नाही. म्हणजे नवी पोरं भरती केली आणि शिकवायला खोलीच नाही, अशी गत. तेव्हा थायमसच द्यावी लागते. आणि ती कुठनं येते ऐक. तान्ह्या पोरांच्या हृदयाची ऑपरेशनं करतात, तेव्हा थायमस आड येते म्हणून तिचा तुकडा कापून बाजूला काढतात. एरवी तो टाकूनच देतात. परदेशात एकदोन ठिकाणी आईबापांना विचारून तो ठेवतात, वाढवतात, आणि मालूसारख्या पोराच्या मांडीच्या स्नायूत त्याच्या पातळ चकत्या बसवतात. मग पोराच्या कच्च्या पेशी मांडीत जाऊन शिकतात. मला आधी वाटलं ही बाई माझी समजूत घालायला काहीतरी सांगतेय. पण सार्थकने मोबाइलवर काढून दाखवलं. सगळी पोरं जगतात असं नाही. बरीच जगतात.

पण तिकडे नंबर लावायचा तर साधनाताईला पक्कं सांगता आलं पाहिजे. जनुकाचा रिपोर्ट यायला वेळ आहे, आणि मालूपाशी तेवढा वेळ आहे का, हे ती सांगत नाही, मीही विचारत नाही. छातीच्या फोटोत थायमसची सावली दिसत नाही, पण म्हणाली, फार आजारी पोराची ती आक्रसते सुद्धा, नुसत्या फोटोवर जाता येत नाही. टक्कलही काही पोरांना उशिरापर्यंत असतं, नखं आजारानेही खराब होतात. म्हणून तिने विचारलं, तुमच्या दोन्ही घरांत आधी असं कुणी मूल झालं होतं का, बिनकेसाचं, लहानपणीच गेलेलं? असेल तर सांगा, मी आजच तिकडे लिहिते. सार्थक लगेच म्हणाला, ‘नाही मॅडम, आमच्यात असं कुणी नाही. मी आईला एकटाच.’ स्वरूपाने माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघत राहिलो.

स्वरूपाचं सांगायचं राहिलं. काचेला एक फोन आहे, त्यावरनं ती माझ्याशी बोलते. काल विचारत होती, पप्पा, मी असं काय खाल्लं असेन? जाईबाईने म्हणे तिला सांगितलंय की पोटुशी असताना ग्रहणात तू विळी हातात घेतलीस, म्हणून पोराच्या अंगावर एक केस आला नाही. साधनाताईने तिला चारदा समजावलं की आईच्या खाण्यापिण्याचा याच्याशी काही संबंध नाही. ती मान हलवते आणि पुन्हा मला विचारते. मी विचारलं, आत्या काय म्हणाली जाईबाईला? म्हणाली, आत्या गप्प बसली होती. आक्का, तू गप्प? जाईबाईसमोर? तुझी नुसती सून असती तर एक वेळ समजलो असतो, पण ती तुझी भाची आहे, तुझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. एरवी जाईबाई तिला असं बोलली असती तर तू जाईबाईच्या झिंज्या उपटल्या असत्यास. तू गप्प बसलीस म्हणजे तुला काहीतरी गिळावं लागलं असणार.

आता जिन्याचं सांगतो. आंब्यांची पेटी खांद्यावर घेऊन मी तुझा जिना चढत होतो. वरनं मालूच्या रडण्याचा आवाज आला. त्याच्या आधी मी त्याला झोपलेलाच बघितला होता, नाहीतर तुझ्या मांडीवर वाटी-चमच्याने दूध पिताना. ते रडणं पोराच्या रडण्यासारखं नव्हतं. घोगरं, कोरडं, बिजागरीला तेल नसावं तसं, आणि मोठं होऊ बघतंय पण होत नाहीये. रडणं थांबलं की एक बारीक खोकला, परत रडणं. मी जिन्यातच थांबलो. खांद्यावरची पेटी कानाआड येत होती, ती खाली ठेवली. मला गिअर ऐकून पंचवीस वर्षांपूर्वीचा माल ओळखता येतो, हे तुला ठाऊक आहे. तो आवाज मी आधी ऐकला होता. दुसरीकडे कुठे नाही, तुझ्याच घरात, रुळाकडेच्या त्या खोलीत, साडीच्या पडद्यापलीकडून.

मी अकरा वर्षांचा होतो. आष्टीकडून तू मला शिकायला आणलंस तेव्हा तुझ्या मांडीवर अंबू होती. तिचं नाव मी इतक्या वर्षांत तोंडातनं काढलं नाही, आज कागदावर काढतोय, रागावू नकोस. दाजी पहिल्या पाळीला गेले की तू तिला तेल लावायचीस आणि मी पाठ करून पाटीवर पाढे लिहायचो, कारण तू म्हणायचीस बघायचं न्हाई, नजर लागंल. मी बघितलं नाही. ऐकलं मात्र सगळं. गाडी गेली की खोली हलायची, सगळे आवाज बुडायचे, आणि गाडी लांब गेल्यावर मी कान देऊन बसायचो की पडद्यापलीकडे ते घोगरं रडणं अजून आहे का. असायचं. मग एक दिवस शाळेतनं आलो तर आढ्याच्या कडीला पाळण्याची दोरी नव्हती. तू चूल पेटवत होतीस. म्हणालीस, हातपाय धू, भाकरी खा. मी खाल्ली. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही, दाजी वारले ते हे गुपित सोबत घेऊन गेले, आणि सार्थकला तर आपल्याला एक मोठी बहीण होती हेसुद्धा माहीत नाही. कुंची तिच्याही डोक्यावरनं उतरलेली मला आठवत नाही. आणि तिचं जावळ राहून गेलं होतं, बरोबर ना? तुम्ही गावी जायचं ठरवत होतात आणि त्याआधीच ती गेली. तू तेच मनात धरून बसलीस की जावळ झालं असतं तर देवाने तिला ठेवलं असतं. म्हणून मालूच्या जावळाची एवढी घाई, म्हणून उन्हाळ्यात कुंची, म्हणून मी हॉल मोडला तेव्हा तू अशी थरथरत होतीस. मला राग वाटला होता तो. राग नव्हता. तू माझ्याही आधीपासून घाबरली होतीस, मालू जन्मला आणि दाईने तुझ्या हातात दिला, त्या घटकेपासून, आणि एकटीच घाबरत होतीस.

जावळाने काही झालं नसतं गं. ग्रहणाने झालं नाही, विळीने झालं नाही, तुझ्या तेलाने, दुधाने, कशानेच नाही. ते माझ्या आणि तुझ्या रक्तात गुपचूप बसलेलं होतं, दाजींच्याही होतं, आणि आपल्याला कुणाला दिसायचं कारण नव्हतं. आज मी हे पत्र लिहायला बसलो ते एवढ्यासाठी की अंबूबद्दल मी साधनाताईला सांगू शकतो, पण मला अर्धंच माहीत आहे. मी पाठ करून बसलेला पोरगा होतो. ती विचारेल त्याची उत्तरं फक्त तुझ्या हातांना माहीत आहेत, ज्यांनी तिला रोज तेल लावलं. उद्या सकाळी दिग्विजय गाडी घेऊन येईल. वाटेत त्याच्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी त्याला सांगून ठेवलंय. आधी सार्थकपाशी बस, मग काचेच्या फोनवर स्वरूपाला तुझ्या तोंडाने सांग की तुलाही अशीच एक होती. डॉक्टरचं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. मग साधनाताईपाशी ये, मी दारात उभा असेन. अंबूच्या डोक्यावर लव होती का, तिची नखं कशी होती, आणि तिलाही जन्मल्यावर दंडाला ती सुई दिली होती ना, दापोडीच्याच सरकारी दवाखान्यात? ती जखम भरली होती का, आक्का?

तुझाच,
पाटीवरचा नवा